घेतलेलं अर्थिंग

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी एका साध्या शब्दावरून तोंडावर आपटले. सरांनी विचारलं, "कुणाकडं कॉम्प्युटर बसवायला गेलात, तर आधी काय बघाल?" मी झटकन हात वर केला, "सर, अर्थिंग घेतलंय का ते." सर म्हणाले, "घेतलंय नाही गं. दिलंय. अर्थिंग देतात." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मला असा राग आला म्हणता! आमच्या वस्तीवर जन्मापासून मी 'घेतात' हेच ऐकलेलं. कुणी कुणाला अर्थिंग दिल्याचं माझ्या कानावर कधी आलं नव्हतं.

कॉलेज कराडला. घर कडेगाव तालुक्यात, उसाच्या मळ्यात. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. बीसीएच्या पहिल्या वर्षाला हार्डवेअर, मेंटेनन्स आणि थोडं नेटवर्किंग असा एक विषय होता. लॅब म्हणजे तळमजल्यावरची कोंदट खोली, आणि तिच्यात कुठल्या कुठल्या ऑफिसांनी टाकून दिलेली मशीनं. पहिला डबा खोलला तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं, आणि पंख्याच्या पात्यांत वाळलेली पाल. आमच्यातली एक किंचाळत बाहेर पळाली. मी ती पाल चिमट्यानं काढली आणि कागदावर ठेवली. तेव्हापासून पोरं मला जरा टरकून असायची.

टरकायला पाहिजेच होती. तिथं रीतच अशी होती, की पोरांनी स्क्रू खोलायचे आणि पोरींनी जर्नलमध्ये आकृत्या काढायच्या. कुणी तसा हुकूम काढला नव्हता, पण चाललेलं. मी दुसऱ्याच प्रॅक्टिकलला एकाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. म्हटलं, "आकृती तू काढ, तुझं अक्षर चांगलं आहे."  सरांनी बघितलं आणि काहीच बोलले नाहीत, म्हणजे चालतंय.

सर तासिकेवर होते. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी आली की उपास. पण शिकवायचे मन लावून. त्यांचा एक नियम होता. डब्याला हात लावायच्या आधी प्रत्येकानं भिंतीतला प्लग काढायचा आणि वर धरून दाखवायचा. "प्लग दाखव!" असं ओरडायचे. बटण बंद केलंय म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. आम्ही त्यांच्या माघारी एकमेकांना भेटलो तरी "प्लग दाखव" म्हणायचो.

रॅम चालत नसली तर काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे, परत बसवायची. निम्मी मशीनं एवढ्यावर उठायची. नेटवर्किंगला तारांचा क्रम पाढ्यासारखा पाठ केलेला: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा... एक तार इकडची तिकडं झाली की मशीन मुकं. मी पहिली केबल बनवली, दोन मशीनं जोडली, एकाकडनं हाक टाकली आणि दुसऱ्याकडनं उत्तराच्या ओळी पडद्यावर पडायला लागल्या, तेव्हा मी लॅबमध्ये नाचले. खोटं कशाला सांगू, तेवढा आनंद मला त्यानंतर फार कमी वेळा झाला.

आणि मग आला अर्थिंगचा तास. सरांनी तीन पिनांचा प्लग हातात घेतला. "ही मोठी पिन लांब का? कारण ती आधी लागते आणि सगळ्यात शेवटी सुटते. करंट चुकून डब्यावर आला, तर त्याला जमिनीत जायला वाट पाहिजे. ही पिन ती वाट देते. वाट नसेल, तर तो तुमच्यातनं वाट काढणार." मी लिहून घेत होते आणि माझं पेन थांबलं. आमच्या घरात त्या पिनेतनं करंट चुकून जात नव्हता. आमच्या घरात सगळाच्या सगळा करंट जमिनीत जात होता, रोज, आम्हीच सोडलेला.

ते असं. आमची वस्ती लाइनीच्या अगदी शेवटी. एका वळवात खांबावरनं घरात येणारी न्यूट्रलची तार तुटली. वीज एका तारेनं येते आणि दुसऱ्या तारेनं परत जाते. परत जाणारी तुटली की घर बंद. वायरमन "येतो, येतो" म्हणत राहिला. मग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी लोखंडी पहार परड्यात हौदाशेजारी ठोकली, भोवती मीठ-कोळसा घातला, आणि तिला तार गुंडाळून घरात घेतली. परतीची वाट तारेऐवजी जमिनीतनं. लागली लाइट! यालाच अर्थिंग घेणं म्हणतात. आजूबाजूच्या मळ्यांत बऱ्याच जणांनी घेतलेलं. जमीन वाळली की बल्ब मिणमिणायचा. मग आतनं हाळी यायची, "आगं, अर्थिंगला पाणी घाल!" आई उठायची, हौदातनं बादली भरायची, पहारीच्या बुडाशी ओतायची. बल्ब लख्ख व्हायचा. तुळशीला पाणी घातल्यागत ते तिचं रोजचं काम झालेलं.

अण्णा फौजेत सिग्नलला होते. हवालदार म्हणून रिटायर झाले. डोंगरात टेलिफोनची लाइन टाकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तिथं एकच तार टाकायची आणि दोन्ही टोकांना लोखंडी खुंटी जमिनीत ठोकायची. "एक तार, दोन खुंट्या. दुसरी तार म्हंजे ही धरती," असं सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा. थंडीत जमीन गोठली की खुंटीला ओल मिळायची नाही, मग जवान पाळीपाळीनं खुंटीवर लघवी करायचे आणि फोन सुरू व्हायचा. आई म्हणायची, "आवं, पोरीफुडं काय बोलताय!" आणि तोंडाला पदर लावून हसायची.

आता अशा माणसाला मी, कालची पोर, अर्थिंग शिकवणार! टेलिफोनच्या तारेत वीज चिमूटभर असते आणि घराच्या तारेत माणूस मारायला पुरून उरेल एवढी असते, एवढाच फरक. पण तो फरक त्यांना मान्य करायचा नव्हता. धरतीनं त्यांना कधी दगा दिला नव्हता.

दसऱ्याला अण्णांनीच मला जुना कॉम्प्युटर आणून दिला. कौतुकानं. हार घातला, नारळ फोडला. चालू केला आणि त्याच संध्याकाळी आई पाणी ओतून आत आली ती हात झटकत. "आज मुंग्या आल्या गं हाताला." अण्णा म्हणाले, "म्हंजे अर्थिंग झ्याक धरतंय."

 बल्ब थोडी वीज घेतो, तेवढीच पहारीतनं जमिनीत जाते. घरात जेवढं जास्त चालवू, तेवढी पहार जास्त जिवंत होणार. हे मला वहीतल्या गणितात दिसत होतं, पण वही कोण बघतंय? मी सरांना विचारून लॅबचा मल्टिमीटर घरी आणला. कॉम्प्युटर लावला. परड्याच्या दुसऱ्या टोकाला खुरपं रोवलं, मीटरची एक तार खुरप्याला, एक पहारीला. आकडा चढला आणि शंभराच्या वर जाऊन थांबला. मी ओरडले, "अण्णा, हे बघा! ही पहार न्हाई, ही उघडी वायर हाय. आई हिला रोज पाणी घालतीया."

अण्णा आले. मीटर बघितला, माझ्याकडं बघितलं, वाकले आणि पहारीला सरळ हात लावला. "बघ. काय झालं?"

काहीच झालं नाही. त्यांच्या पायांत जाड रबरी चप्पल होती आणि हात नांगरून नांगरून कातडं झालेले.

मी म्हणाले, "चप्पल काढा की मग."

झालं! मला मीटरबद्दल बोलायचं होतं आणि त्यांनी ऐकलं ते भलतंच. "बापाला चप्पल काढाय सांगतीस? यासाठी घातली व्हय कालेजात?" आवाज पार बांधापर्यंत गेला. आई मधे पडली. "ऱ्हाऊ दे गं. त्यांनी लायनीत जल्म काढलाय." ती हौदाशेजारी उभी होती, नेहमीसारखी अनवाणी, ओल्या जमिनीवर. मी तिच्या पायांकडं बघत होते आणि ती माझी समजूत काढत होती.

त्या दिवसापासून मी कॉम्प्युटर बंद केला. प्लग काढला, वायर गुंडाळली, वर चादर टाकली. अण्णांना ते अपमानासारखं लागलं. लागू दे. मी पहारीची तारही दोनदा सोडली. दोन्ही वेळा त्यांनी परत गुंडाळली, अजून घट्ट. वायरमनला कडेगावच्या स्टँडवर गाठलं. तो म्हणाला, "ताई, निम्मा तालुका असाच चाललाय. बघतो." आईला मी शपथ घातली, की पाणी घालायचंच झालं तर आधी मेन स्विच पाड आणि पायात चप्पल घाल. ती "बरं" म्हणाली. आमच्यात हौदाजवळ, तुळशीजवळ बाया चप्पल घालत नाहीत. ती 'बरं' म्हणाली म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. पालथ्या घड्यावर पाणी. मी कितीही शिकून आले तरी त्या घरात विजेच्या बाबतीत शेवटचा शब्द अण्णांचा होता.

थंडी पडली. आईच्या डोळ्यांना चुलीचा धूर सोसेना. सकाळी बंब पेटवायला पाचट घालायची, की डोळे लालभडक. अण्णांनी बाजारातनं पाणी तापवायची कॉइल आणली. बादलीत सोडायची आणि बटण लावायचं. तिच्यासाठी आणली. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण नंतर मी त्या माणसाचा फार राग केला, आणि तरी ही गोष्ट खरी आहे. कॉइल आणली त्या दिवशी मी कराडला मैत्रिणीच्या खोलीवर राहिले होते. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. घरात कॉइल आल्याचं मला माहीतच नव्हतं.

परीक्षेत मला केबल आली होती. मी तारा क्रमानं लावत होते. सर दारात आले आणि म्हणाले, "घरनं फोन आहे." त्यांनी परीक्षा चालू असताना कधी कुणाला फोनला सोडलं नव्हतं. पलीकडं चुलते होते. "आई पडलीया. ये." बास, एवढंच. मी विचारलं, "कुठं पडली?" ते म्हणाले, "परड्यात." मी एसटीत बसले आणि वाटभर मला एकच वाटत होतं, की तिनं चप्पल घातलेली असू दे.

सोप्यात तिला ठेवलं होतं. बाया भोवती. मी चेहऱ्याकडं बघायच्या आधी पायांकडं बघितलं. तळव्यांना हौदाजवळचा चिखल वाळलेला. मग उजव्या हाताकडं. तळवा काळा पडला होता. काकू हळूच म्हणाली, "बोटं सुटत नव्हती. वडून काढाय लागली." अण्णा खांबाला टेकून बसले होते आणि येईल त्याला सांगत होते, "चक्कर आली. हार्ट अॅटॅक." गावातल्या डॉक्टरनं मान डोलावली. पोलीस नको, पंचनामा नको, कापाकापी नको. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आम्ही घरी आलो होतो.

मी हातपाय धुवायला हौदासमोरच्या न्हाणीत गेले. तिथं बादली होती, बादलीत कॉइल. पाण्यात हात घातला. गार. एवढं मोठं ओझं आमच्या पहारीला पेलणार कसं? पाणी तापेना, म्हणून कुणीतरी म्हटलं असणार, अर्थिंगला पाणी घाल. कुणी, ते मला विचारायची गरज नव्हती. घरात दोघंच होती.

पुढच्या दिवसांत भेटायला माणसं यायला लागली, आणि कुठून कशी कोण जाणे, एक गोष्ट तयार झाली. "हार्ट अॅटॅक न्हवं म्हनं. कॉम्प्युटरचा करंट लागला." "पोरीनं घरात कॉम्प्युटर आणला तवापासनं तिच्या हाताला मुंग्या येतच व्हत्या." एक म्हातारी तर माझ्या तोंडावर म्हणाली, "बाई, शिकशील लय, पर आय कुठनं आणशील?" मी ताडकन उठले. "कॉम्प्युटर बंद होता! दिवाळीच्या आधीपासनं बंद होता! प्लगसुद्धा लावलेला नव्हता!" सगळ्या अण्णांकडं बघायला लागल्या. ते घोंगड्यावर बसले होते. कॉम्प्युटर बंद होता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? एक शब्द बोलायचा होता त्यांनी. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ते जमिनीकडं बघत राहिले. काकूनं माझा दंड धरून मला आत नेलं. "गप ऱ्हा. बापाच्या तोंडाकडं बघ जरा."

बघितलं. बघूनही राग गेला नाही. अजून जात नाही. पहार कुणी उपटली मला माहीत नाही, पण तेराव्याच्या आधी वायरमन शिडी घेऊन आला आणि न्यूट्रल जोडून गेला. चहा पिऊन होईस्तोवर काम झालं. मी त्याच्याशी बोलले नाही. बोलले असते तर हातात येईल ते फेकून मारलं असतं.

परीक्षा मी पुढच्या वर्षी परत दिली. आता शिरवळला एका कारखान्यात नेटवर्क सांभाळते. नवीन मशीन आलं की मी आधी सॉकेट तपासते. पोरं कुरकुरतात, मॅडम, सगळं नवीन आहे. मी म्हणते, प्लग दाखव. गावाकडं मात्र मी अजून कॉम्प्युटरवाली. जाऊबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तुमची आई कॉम्प्युटरनं गेली ना?" मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. कुणाकुणाला सांगत बसू? आणि काय सांगू? बापाचं नाव घेऊ?

अण्णांनी त्यानंतर मला विजेतलं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शेत, ऊस, तब्येत, गोळ्या, एवढंच बोलणं. परवा दुपारी मी गेले होते. आता ते थकलेत, कॉटवर पडून असतात. मी गोळ्या डबीत भरत होते. ते वर बघत म्हणाले, "एक इच्यारू?"

"इचारा की."

"करंट बसला म्हंजे... माणसाला कळतंय का गं? का लगीच जातंय?"

मी डबीचं झाकण लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते मला विजेतलं काहीतरी विचारत होते. मला उत्तर पक्कं माहीत होतं. मूठ आवळते, सोडायची म्हटली तरी सोडता येत नाही, छाती धरते म्हणून ओरडता येत नाही, आणि तेवढा वेळ माणसाला सगळं कळत असतं. तेवढा वेळ आईला, जिथनं हाळी आली ते न्हाणीचं दार समोर दिसत असणार.

"न्हाई अण्णा," मी म्हणाले. "कायबी कळत न्हाई. बटण बंद केल्यागत हुतंय."

"खरं?"

"खरं. आमाला कालेजात शिकवलंय."

त्यांनी मान हलवली. "तुमी शिकलेली माणसं. तुमाला ठावं," म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.